एफएनवर दोनशे ग्रॅमचं वजन

आंबीच्या फाट्यावर साठ टनी वजनकाटा आहे. त्याच्या केबिनमध्ये श्रीपती बावीस वर्षं बसतो आहे, आणि या बावीस वर्षांत त्याला कीबोर्डकडे बघताना कुणी पाहिलेलं नाही. तो बघतो खिडकीबाहेर. डाव्या हातात माईक, उजवा हात कीबोर्डवर. एफ-टू दाबलं की भरल्या गाडीचं वजन, एफ-फाईव्ह दाबलं की रिकाम्या गाडीचं, आणि एफ-एट दाबलं की पावती. हे त्याच्या बोटांना पाठ आहे, त्यासाठी डोळे खर्ची घालायची गरज नाही. डोळ्यांना दुसरी कामं आहेत. सगळी चाकं पत्र्यावर आली का, इंजिन बंद केलं का, ड्रायव्हर खाली उतरला का आणि पत्र्यावर दोन पायांचा कुणी उभा तर नाही ना, हे बघायचं असतं. कारण काट्याच्या धंद्यात चोरी आकडे बदलून क्वचित होते, पाय ठेवून जास्त होते.

एकदा एका नव्या ड्रायव्हरने त्याला खिडकीतून विचारलं होतं, "आबा, तुमी बटनाकडं बघतच न्हाई. चुकीचं दाबलं तर?"

"बटन चोरी करत न्हाई," श्रीपती म्हणाला. "तुजा क्लीनर मागच्या चाकाआड उभा हाय, त्याला खाली उतरव."

क्लीनर उतरला. काटा दहा-दहा किलोंनी बोलतो, तो साठ किलोंनी खाली आला. ड्रायव्हरने पुढे कधी बटणांची चौकशी केली नाही.

काटा मारुतीअण्णांचा. अण्णा गावातले मोठे जमीनदार, अर्धी जमीन कारखान्यांना गेली, उरलेल्या अर्ध्यात इंद्रायणी तांदूळ पिकतो. केबिनच्या एका भिंतीवर अण्णांचा गणपती आहे, दुसऱ्या भिंतीवर श्रीपतीने लावलेले बाबासाहेब, आणि मध्ये वैधमापन खात्याचं प्रमाणपत्र. तिघांवरची धूळ श्रीपती शनिवारी एकाच फडक्याने पुसतो. येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकवाल्यांनी या व्यवस्थेबद्दल आजवर तक्रार केलेली नाही. गावातल्या लोकांनी केली होती, पहिल्या वर्षी, पण अण्णांचाच भाऊ भाताचा ट्रॅक्टर घेऊन आला आणि तोही रांगेत उभा राहिला, तेव्हा विषय संपला. "काट्याला आडनाव कळत न्हाई," असं श्रीपती तेव्हा माईकवरून म्हणाला होता. माईक चालू आहे हे त्याला माहीत नव्हतं असं तो सांगतो. मला ते खरं वाटत नाही.

काटा श्रीपतीच्या घरात उगाच शिरलेला नाही. त्याचा आजा गावकीची कामं करायचा. वर्षभर निरोप पोचवायचे, सांगावे द्यायचे, मेलेली ढोरं ओढायची, आणि त्याबदल्यात सुगीला खळ्यावर बलुतं मागायला जायचं. इतरांना धान्य पायलीने मोजून मिळे. आज्याची पाळी आली की पायली बाजूला ठेवत आणि सुपाने त्याच्या धोतराच्या सोग्यात वरून ओतत, अंदाजे. धान्य कमी असायचं असंही नाही. एखाद्या वर्षी चांगलं घसघशीत पडायचं. पण किती पडलं, हे त्याला जन्मात कधी कळलं नाही. पुढे दीक्षा घेतल्यावर त्याने खळ्यावर जाणं सोडलं, तरी म्हातारपणी अंगणात बसून नातवाला विचारायचा, "किती आसंल रं त्ये?" नातू आठ वर्षांचा होता, त्याला उत्तर येत नव्हतं. शेजारचे लोक म्हणत, धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत. आज्याचं म्हणणं एवढंच, की ती धर्माची गाय नव्हती, वर्षभराची मजुरी होती.

नातू मोठा होऊन काट्यावर बसला. तरी दर वर्षी नवा तांदूळ निघाला की अण्णांकडून एक पोतं त्याच्या घरी येतं. मोजलेलं नसतं. गडी टेम्पोतून उतरवतो आणि म्हणतो, "अण्णांनी दिलंय." श्रीपती दिवसाला सत्तर-ऐंशी गाड्यांचं वजन करतो, पण हे पोतं त्याने कधी मोजलं नाही. त्याची बायको येसूबाई ते डब्यात ओतते, आणि दोघंही त्याबद्दल बोलत नाहीत.

गेल्या सप्टेंबरात परतीच्या पावसात वीज पडली आणि केबिनमधला जुना कॉम्प्युटर जळाला. काटा वाचला. अण्णांची मुलगी स्नेहल धंद्याचे कागदपत्र सांभाळते. एमबीए झालेली, बोलायला मऊ आणि कामाला कडक. तिने दुसऱ्याच दिवशी नवा लॅपटॉप आणला, त्यात काट्याचं सॉफ्टवेअर घालून घेतलं आणि म्हणाली, "काका, सगळं तेच आहे. फक्त डबा गेला."

सगळं तेच नव्हतं. श्रीपतीने पहिल्या ट्रकला एफ-टू दाबलं, तर वजन आलं नाही, स्क्रीन मंद झाली. पुन्हा दाबलं, आणखी मंद झाली. एफ-फाईव्ह दाबलं तर आवाज बंद झाला. आवाज आधीही येत नव्हता, त्यामुळे ते उशिरा कळलं. एफ-एट दाबलं तेव्हा पावतीऐवजी स्क्रीनवर विमानाचं चित्र आलं. आंबीच्या काट्यावर विमानाचं काय काम, हे त्याने कुणाला विचारलं नाही. बटणावर वाकून बघितलं, तर मोठं चित्र सूर्याचं होतं आणि त्याच्या पायाशी बारीक अक्षरात एफ-टू लिहिलं होतं. बावीस वर्षं बटणांची मालक असलेली अक्षरं आता भाडेकरू झाली होती.

संध्याकाळपर्यंत त्याला एवढा पत्ता लागला, की खाली डाव्या कोपऱ्यात एफएन नावाचं एक बटण आहे, ते दाबून धरलं की वरची सगळी एफ जुन्यासारखी वागतात. पण ते धरायचं कोणत्या हाताने? उजवा हात वर, डाव्या हातात माईक. तिसरा हात निसर्गाने दिलेला नाही. तो माईक खाली ठेवी, मान खाली घाली, डाव्या बोटाने एफएन शोधी, उजव्याने एफ-टू, आणि तेवढ्या वेळात खिडकीबाहेर काय चाललंय ते फक्त खिडकीला माहीत असे. जुना कीबोर्ड जोडून बघितला असता, पण तोही विजेत गेला होता.

कुणाला सांगावं, तर काय सांगावं? सत्तावन्न वर्षांच्या माणसाने 'मला बटणं जमत नाहीत' असं म्हटलं, की पुढचं वाक्य दुसराच कुणीतरी बोलतो. श्रीपती गप्प राहिला.

तिसऱ्या दिवशी विक्की नावाचा ड्रायव्हर भंगाराचा ट्रक घेऊन आला. त्या परिसरातल्या एका ओतकाम कारखान्याला भंगार लागतं, आणि काट्यावरच्या निम्म्या गाड्या त्याच कारखान्याच्या. विक्कीने बघितलं, आबांची मान खाली आहे. हे दृश्य त्याने आयुष्यात पहिल्यांदा बघितलं आणि संधीचं सोनं केलं. क्लीनर पत्र्यावर उभा राहिला, पावती निघाली, क्लीनर उतरला. कारखान्याच्या आतल्या काट्यावर तीच गाडी सत्तर किलोंनी कमी भरली.

दोन दिवसांनी अण्णा केबिनमध्ये आले. ते कधी बसत नाहीत, त्या दिवशी बसले.

"श्रीपती, सत्तर किलोचा घोळ झाला. बावीस वर्षांत पहिल्यांदा."

"व्हय, अण्णा."

"कारखान्याचा साहेब पुढच्या गुरुवारी येतोय. तो म्हणतो काट्यावर माणूसच नको. कॅमेरे लावा, ड्रायव्हरनं कार्ड टेकवायचं, पावती आपोआप. त्याच्या गाड्या गेल्या तर काटा चालवून उपयोग न्हाई."

"मंग मी?"

"गुरुवारी तो तुजं काम बघनार हाय. बघू," अण्णा म्हणाले आणि उठले.

त्या रात्री श्रीपती नीट जेवला नाही. येसूबाईने विचारलं तेव्हा तो म्हणाला, भूक नाही. पगाराची चिंता होतीच, पण त्याहून मोठी एक होती आणि ती त्याला बायकोपुढेही बोलता येईना. खुर्ची गेली, तर त्या घराण्याचं मोजणाऱ्याच्या बाजूला बसणं संपणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फडकं शोधताना कपाटाच्या खालच्या खणात त्याला जुनी लोखंडी वजनं सापडली. इलेक्ट्रॉनिक काटा यायच्या आधी इथे भुसाराचं दुकान होतं, तेव्हाची. दोन किलो, एक किलो, पाचशे, दोनशे. श्रीपती जन्मभर वजन बघत आलेला माणूस, त्याला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. त्याने आधी शंभर ग्रॅमचं होतं का बघितलं, नव्हतं. मग दोनशे ग्रॅमचं उचललं आणि एफएनवर ठेवलं. बटण दबलं आणि दबलेलंच राहिलं. एफ-टू दाबलं. आकडा आला. पाचशेचं ठेवून बघायचा मोह त्याने टाळला.

मग पद्धत बसली. गाडीचा नंबर आधी टाकून घ्यायचा, मग दोनशे ग्रॅम एफएनवर, डाव्या हातात माईक, उजवा हात वर, डोळे बाहेर. संध्याकाळी वजन परत खणात, वर फडकं. विक्की पुन्हा आला तेव्हा क्लीनरने एक पाय टेकवला मात्र, माईक बोलला, "पाय घरी ठिवून ये." विक्कीने आबांकडे बघून हात जोडले आणि गाडी सरळ लावली. श्रीपतीला फार बरं वाटलं. कुणी बघत नाही असं पाहून तो खुर्चीत एकटाच हसला.

इकडे स्नेहलने पहिल्या दोन दिवसांत त्याची वाकलेली मान बघितली होती. तिला ते लागलं होतं. लॅपटॉप तिनेच आणला होता, आणि 'सगळं तेच आहे' हेही तिनेच म्हटलं होतं. पण ती कामासाठी आठवडाभर पुण्याला गेली, त्यामुळे दोनशे ग्रॅमची बातमी तिच्यापर्यंत पोचली नाही, आणि पोचू नये अशी व्यवस्था फडक्याखाली होतीच. पुण्यात तिने एकाला विचारून घेतलं. लॅपटॉप सुरू होतानाच एक बटण दाबून आतल्या सेटिंगमध्ये जायचं, तिथे एका ओळीत चित्रांची बटणं बंद करायची, म्हणजे एफ-टू पुन्हा नुसतं एफ-टू होतं आणि चित्रं एफएनच्या मागे जातात. बुधवारी संध्याकाळी श्रीपती घरी गेल्यावर ती केबिनमध्ये आली, तेवढं केलं आणि दिवा बंद करून निघून गेली. काकांना सांगायचं नाही असं तिने ठरवलं होतं. त्यांना कमीपणा वाटायला नको.

गुरुवारी दहाला कारखान्याचे साहेब आले. बरोबर ओंकार नावाचा मदतनीस होता. अण्णा उभे, स्नेहल उभी, साहेबांना खुर्ची. कारखान्याचाच एक ट्रक पत्र्यावर चढला, त्या दिवसाची पहिलीच गाडी. श्रीपतीने नंबर टाकला आणि अंगाचा आडोसा करून दोनशे ग्रॅमचं वजन एफएनवर ठेवलं. चाकं बघितली. ड्रायव्हर उतरला. त्याने खिडकीबाहेर बघत एफ-टू दाबलं.

स्क्रीन मंद झाली. त्याला वाटलं बोट चुकलं. पुन्हा दाबलं, पुन्हा मंद. तिसऱ्या-चौथ्यांदा स्क्रीन काळी झाली, आणि तिच्यात श्रीपतीला स्वतःचा चेहरा दिसला. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. अण्णा गणपतीकडे बघू लागले.

"काका, थांबा," स्नेहल पुढे आली, आणि तिला एफएनवरचं वजन दिसलं. श्रीपतीने तिच्या नजरेकडे बघितलं. मग लॅपटॉपकडे. मग परत तिच्याकडे. त्याच्या डोक्यात सगळी चाकं पत्र्यावर यायला एवढाच वेळ लागला.

"लाईट गेली होती का?" साहेबांनी विचारलं.

"हो, ते वायरिंग जरा," स्नेहल म्हणाली.

"न्हाई साहेब, लाईट हाय," श्रीपती म्हणाला. "एकच बिघाड दोगांनी दुरुस्त केलाय. त्यामुळं परत बिघडलाय."

साहेबांना यातलं काही कळलं नाही. श्रीपतीने वाकून शेजारच्या बटणाने स्क्रीन उजळवली, दोनशे ग्रॅम उचलून खिशात टाकले आणि पुन्हा खिडकीकडे बघितलं. उजवा हात जागेवर गेला. एफ-टू. आकडा आला. पण त्याने एफ-एट दाबलं नाही. माईक उचलला.

"पत्र्यावरनं उतरा."

"कुणाला म्हणताय?" साहेब म्हणाले. "ड्रायव्हर तर बाहेर आहे."

"तुमचा मानूस हाय. मागं उभा ऱ्हाऊन फोटो काढतोय."

ओंकार खरंच ट्रकच्या मागे मोबाईल घेऊन उभा होता, अहवालात लावायला फोटो हवा म्हणून. त्याचं सगळं लक्ष नंबर प्लेट नीट येते का याकडे. तो ओशाळून खाली उतरला. आकडा सत्तर किलोंनी खाली आला.

सत्तर हा आकडा सगळ्यांच्या ओळखीचा होता. श्रीपतीने आकडा पुन्हा घेतला आणि पावती काढून साहेबांच्या हातात दिली. त्यानंतर अकरा गाड्या झाल्या. त्याने एकदाही खाली बघितलं नाही. साहेब मात्र तासभर त्याच्या बोटांकडे बघत राहिले, आणि जाताना वहीतलं मघाचं पान फाडून खिशात घातलं. आठ दिवसांनी पत्र आलं की कॅमेरे दोन बसवावेत, आणि खिडकीशी माणूस असावाच. अण्णांनी ते पत्र श्रीपतीला मोठ्याने वाचून दाखवलं आणि न बसता निघून गेले.

पण त्या गुरुवारी संध्याकाळी सगळे पांगल्यावर स्नेहल केबिनमध्ये थांबली होती. श्रीपतीने खिशातलं वजन काढून टेबलावर ठेवलं.

"काका, हे कधीपासून?"

"आठ दिस झालं."

"मला सांगायचं ना."

"तुमी बी सांगायचं, ताई."

तिने ते वजन उचलून हातात घेतलं. मग म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं. मला वाटलं, सकाळी आपोआप चालेल, तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

"त्येच," श्रीपती म्हणाला. मग त्याने तिला आज्याची गोष्ट सांगितली. पायली बाजूला ठेवायचे ते, आणि सुपाने वरून ओतायचे ते. कुणाचं खळं, हे त्याने सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. गाव लहान आहे.

"तुमी केलं त्ये चांगल्यासाटीच केलं," तो म्हणाला. "पर न सांगता दिलं की घेनाऱ्याला कळत न्हाई काय मिळालं आन् किती मिळालं. मंग तो आपला त्येच्यावर आपलं वजन ठिवून बसतो."

स्नेहलच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते लपवलं नाही, आणि श्रीपतीनेही दुसरीकडे बघितलं नाही.

"परत आधीसारखं करू का?" तिने विचारलं.

"काय काय करता येतंय त्ये आदी दाखवा. मंग मी सांगतो."

तिने लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला आणि कोणतं बटण कधी दाबायचं ते सांगितलं. दाबलं श्रीपतीने. पहिल्या खेपेला उशीर झाला, दुसऱ्या खेपेला निळा पडदा उघडला. ती ओळ त्याने बोट ठेवून वाचली. समोर 'बंद' असं होतं.

"बंद म्हंजी काय बंद?"

"चित्रं बंद. एफ चालू."

काटा आधी रिकामा असताना शून्य दाखवतो का हे बघायचं, मग गाडी चढवायची, ही त्याची शिस्त. त्याने 'चालू' केलं, लॅपटॉप सुरू करून विमान येतंय याची खात्री केली. मग परत आत जाऊन स्वतः 'बंद' केलं, एफ-टू दाबलं, आकडा आला. शून्य होता, कारण पत्र्यावर काही नव्हतं. तो समाधानाने मागे टेकला. मग दोन्ही पायऱ्या त्याने प्रमाणपत्राखाली एका कागदावर लिहून चिकटवल्या, तारखेसकट.

डिसेंबरात नवा तांदूळ निघाला. या वेळी पोतं गड्याने घरी नेलं नाही. स्नेहल स्वतः टेम्पो घेऊन केबिनशी आली. पोत्याबरोबर तिने गोदामातला छोटा काटा आणला होता, कारण मोठ्या काट्यावरचं दोनशे किलोंच्या खालचं वजन कायद्याने धरत नाहीत हे तिला माहीत होतं. तिने छोटा काटा सपाट जागा बघून ठेवला आणि बाजूला उभी राहिली.

"काका, मोजून घ्या."

श्रीपतीने लगेच पोतं उचललं नाही. तो आत गेला, खालच्या खणातून दोनशे ग्रॅमचं वजन घेऊन आला आणि काट्यावर ठेवलं. काट्याने दोनशे दाखवलं. मग त्याने पोतं ठेवलं, आकडा स्थिर होईपर्यंत थांबला आणि मोठ्याने वाचला. स्नेहलने मान डोलावली.

संध्याकाळी पोतं खांद्यावरून उतरवून त्याने स्वयंपाकघरात ठेवलं. येसूबाईने डब्याचं झाकण काढलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "किती हाय?"

"सव्वीस किलो चारशे."

तिचा हात झाकणावरच थांबला. "कुनी मोजलं?"

"मी," श्रीपती म्हणाला.